स्लॅब अजून कच्चा आहे

शेड बांधायचं ठरलं तेव्हा त्यात माझा वाटा एवढाच होता, की मी "बघू" म्हणालो. मला थोडे दिवस नुसती काळजी करायची होती. पण माझ्या बायकोनं, रत्नमालेनं, त्याच दुपारी मिस्त्रीला फोन लावला.

कारण साधं होतं. आमची लेक अपेक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि तिच्या खोलीत, तिच्या लग्नानंतर, माझी पुस्तकं राहायला गेली होती.

"पुस्तकं मागच्या अंगणात, बाळ खोलीत," रत्नमालेनं निकाल दिला. "आणि ती यायच्या आत. नाहीतर बाळंतिणीला तुमच्या कपाटात निजवा."

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. माझी डॉक्टरेट 'संशयाचे स्वरूप' या विषयावर आहे. पुढे त्या प्रबंधाचं पुस्तकही निघालं. (प्रकाशकानं उरलेल्या प्रती मोठ्या मनानं मलाच परत केल्या. छापलेल्या आणि उरलेल्या यांत फारसा फरक नव्हता.) त्या प्रतींनीच एक भिंत व्यापली होती.

पुंडलिक मिस्त्री करमाडचा. त्यानं माणसं आणून मागच्या अंगणात काँक्रीटचा छान चौकोनी स्लॅब टाकला आणि हात धुता धुता म्हणाला, "सर, आता पाणी मारत ऱ्हा. एवढ्यात काही उभं करू नका ह्याच्यावर. कच्चं ऱ्हायलं की तडा जातोय."

"किती दिवस मारायचं?"

"जितकं जास्त तितकं चांगलं."

आणि मोटरसायकलला किक मारून तो गेला.

दुसऱ्या कुणी या वाक्यातून सोयीचा अर्थ काढला असता. पण माझं आयुष्य अशा वाक्यांची चिरफाड करण्यात गेलंय. जितकं जास्त तितकं चांगलं! म्हणजे आज थांबलो तर उद्याचं चांगलं हुकणार, उद्या थांबलो तर परवाचं. मग थांबायचं कोणत्या आधारावर? मोबाईलवर शोधलं. एक इंजिनिअर म्हणाला, आठवडा पुरे. दुसरा म्हणाला, महिना हवा. तिसरा म्हणाला, काँक्रीट वर्षानुवर्षं घट्ट होत राहतं. मी तिसऱ्यावर विश्वास ठेवला. (अनेक तज्ज्ञांपैकी जास्तीत जास्त घाबरवणारा तज्ज्ञ मला नेहमीच खरा वाटतो.)

पुंडलिकला फोन केला. मागे यंत्रांचा खडखडाट.

"सर, वाळूजला हाय कामावर. मारताय ना पाणी?"

"हो, पण कधी थांबू?"

"मारा मारा!" फोन बंद.

आता, पाणी मारायला आधी पाणी लागतं, आणि आमच्या शहरात ते रोज येत नाही. येतं तेव्हा येतं, बहुतेक लोक झोपेत असताना. मग "नळ आले!" अशी हाळी उठते आणि अख्खी गल्ली पाईप, मोटरी, ड्रम, पातेली घेऊन उठते. पुढचे कितीतरी दिवस त्या साठ्यावर काढायचे. आमच्या घरी त्या खात्याचा कारभार रत्नमालेकडे आहे. तिला न विचारता मी दाढीसुद्धा करत नाही.

त्यामुळे स्लॅबसाठी मी माझ्या आंघोळीतून कपात केली. मग भाज्या धुतलेलं पाणी. मग फिल्टरचं वाया जाणारं पाणी. पाहुण्यांना मी अर्धाच पेला देऊ लागलो. तरी ऊन पडलं की स्लॅब पांढरा पडायचा आणि माझा चेहराही. शेवटी मी कडेनं मातीची आळी केली आणि मधे पाणी तुंबवलं. म्हटलं, आता दिवसभर ओला राहील.

शेजारचे आप्पासाहेब कंपाउंडवरून डोकावले. त्यांची खुलताबादकडे शेती आहे.

"सर, आमच्या विहिरीला नाही एवढं पाणी हाय की तुमच्या परसात! लोकं टँकर शोधायलेत अन् तुम्ही तळं बांधलं?"

"स्लॅब कच्चा आहे, आप्पासाहेब."

"मग मासे सोडा की."

मी हसलो. (या गोष्टीत मी हसलो असा हा एकच प्रसंग.)

मधल्या काळात राजेंद्र फॅब्रिकेटर येऊन गेला. "सर, अँगल, पत्रे, समदं तयार हाय. ठोकू का?"

"थांबा. स्लॅब अजून कच्चा आहे."

त्यानं स्लॅबच्या कडेवर पाय आपटला. मी धावत जाऊन ती कड चाचपली.

"सर, हत्ती उभा ऱ्हाईल ह्याच्यावर!"

"हत्ती थोड्या वेळानं निघून जातो हो. पुस्तकं कायमची असतात."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग रत्नमालेकडे. ती त्याला दारापर्यंत पोचवायला गेली.

मग एके सकाळी आरोग्य केंद्रातली सोनिया टॉर्च घेऊन आली. ड्रम बघितले, हौद बघितला आणि मागं जाऊन किंचाळली, "अहो काका, अळ्या! डासाच्या अळ्या! ओतून द्या हे पाणी. आठवड्याला कोरडा दिवस पाळायचा, माहीत नाय का?"

"ओतलं तर स्लॅबला तडा जाईल."

"अन् डेंगू झाला तर? गरोदर लेक यायलीय म्हणे घरात!"

एका बाजूला तडा, दुसऱ्या बाजूला डेंगू. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून गप्पी मासे आणले. "हे अळ्या खातेत. सोडा."

"सिमेंटच्या पाण्यात चुना असतो. जगतील का?"

"जगले तर जगले."

हे पुंडलिकच्या वाक्याचं सख्खं भावंड होतं. तेव्हापासून मी दिवसभर उकिडवा बसून मासे हलताहेत का ते बघू लागलो. ते हलत होते. काही दिवसांनी बारीक पिल्लंही हलू लागली.

"आता काढा ते पाणी," रत्नमाला म्हणाली. "राजेंद्र दुसरं काम धरायलाय."

"आणि मासे?"

"काय मासे?"

"आपण रोज बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणतो. पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं आहे."

सकाळी ते शील तीच माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणते. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की घरातला सगळ्यात मोठा प्राणीच धोक्यात आहे असं मला वाटलं.

त्यात अपेक्षाचा फोन आला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, प्रवास करायचा तर आत्ताच, नंतर नको.

"बाबा, शेड झालं ना?"

"जवळजवळ," मी म्हणालो. शेडच्या जागी तेव्हा एक मासा उलटा वळत होता.

"तुम्ही जा पुण्याला, घेऊन या तिला," रत्नमाला एकदम गोड आवाजात म्हणाली. "मी बघते स्लॅबकडे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीला घेऊन परत आलो, तर मागच्या अंगणात निळ्या पत्र्याचं शेड उभं! मासे हौदात मजेत. अपेक्षाची खोली धुऊनपुसून लख्ख. आणि माझी सगळी पुस्तकं शेडमध्ये जमिनीवर रचलेली. रॅक नंतर येणार होते, शटर उद्या बसणार होतं. सगळ्यात पुढे, तोंडाशीच, 'संशयाचे स्वरूप'च्या प्रती.

मी चष्मा पुसून ओणवा झालो. तडा शोधला. बोटानं टकटक केलं. कान लावला.

"बाबा, नाडी लागतेय का त्याची?" अपेक्षा म्हणाली.

तडा नव्हता. कुठंच नव्हता. स्लॅब पक्का, लेक घरी, खोली तयार. काळजी करायला काहीच शिल्लक नव्हतं, ही अवस्था मला इतकी नवीन होती की मी गाढ झोपलो. (उतारवयात माणसानं नवीन काही करायला जाऊ नये.)

"नळ आलेऽऽ!"

आप्पासाहेबांची हाळी. अजून उजाडायचं होतं. मी चष्म्याशिवाय उठलो, धावलो, नळाला पाईप लावला. गेले कित्येक आठवडे पहिलं पाणी स्लॅबचं, हा माझा नेम. पाईपच्या तोंडावर अंगठा धरून मी अंधारात झकास फवारा सोडला. किती दिवसांनी हात न आखडता पाणी मारत होतो! आवाज मात्र नेहमीपेक्षा वेगळा येत होता. चळचळ नाही, थपथप. मला समाधान वाटलं. म्हटलं, स्लॅब मुरला, आवाजात भारदस्तपणा आला.

आणि दिवा लागला.

"अहोऽऽ!" रत्नमाला ओरडली. "काय करताय?"

तिच्या मागं दारात अपेक्षा एका हातानं चौकट आणि दुसऱ्या हातानं पोट धरून हसत होती. "आई, त्यांना थांबव गं, नाहीतर इथंच होईल माझं!"

मागच्या रांगा वाचल्या. पुढच्या प्रतींनी त्यांच्यासाठी सगळा फवारा अंगावर घेतला होता.

दिवसभर मी गच्चीवर 'संशयाचे स्वरूप' वाळत घालत होतो. कठड्यावर, दोरीवर, खाटेवर.

"आत कधी आणू?" मी रत्नमालेला विचारलं.

"जितकं जास्त वाळेल तितकं चांगलं," ती म्हणाली आणि लेकीसाठी शिरा करायला गेली.

इतक्यात शेजारच्या गच्चीवरून आप्पासाहेबांनी हात लांबवून कठड्यावरची एक प्रत उचलली आणि चक्क वाचायला लागले. एक पान झालं. दुसरं झालं. इतक्या वर्षांत माझं पुस्तक कुणी माझ्यासमोर वाचलं नव्हतं. मी हातातली प्रत तशीच धरून उभा राहिलो. शेवटी त्यांनी ते हलक्या हातानं जागेवर ठेवलं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

त्यांनी ओली बोटं सदऱ्याला पुसली.

"सर," ते म्हणाले, "आणखी थोडं पाणी मारायला पायजे होतं."