मुक्या सोमवारी सुदाम्याचे पोहे

देवाशी बोलताना माणसानं जरा जपून बोलावं, हे मला आता पटलं आहे. त्या आषाढात मी न जपता बोलले, आणि मग जे झालं ते सांगलीतल्या बायका अजून मला घाटावर गाठून विचारतात. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमच्या आळीच्या टोकाला, कृष्णेच्या बाजूला, म्हाताऱ्यांचा आश्रम आहे. नदीपलीकडच्या एका जैन पाटील घराण्यानं तो बांधला. ज्यांना घरी विचारणारं कुणी उरलं नाही अशी माणसं तिथं राहतात. दर एकादशीला तिथं जाऊन कथा वाचायची असा माझा नेम होता. (नेम धरण्यात मला कुणी हरवणार नाही. निभावण्याचं पुढं सांगते.)

एकदा तिथल्या अडगळीत एक बाजाची पेटी सापडली. भाता उंदरांनी कुरतडलेला. केरबा म्हणून एक म्हातारे होते, तरुणपणी गावच्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांनी भात्याला कातड्याचं ठिगळ लावलं आणि पेटी बोलायला लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओवरीत गाणं. औंधाकडची धोंडुबाई आधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. ती आता दुपारीच वेणी घालून बसायला लागली. मी विचारलं, "धोंडुबाई, एवढ्यात वेणी?"

"सांच्याला गानं हाय न्हवं, वैनी," ती म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच निरोप आला. आश्रमाचा सगळा कारभार पाटील घराण्यातल्या राजमतीअक्कांच्या हाती. त्यांचं म्हणणं, उतारवयात माणसानं नामस्मरण करावं, हे गाणंबजावणं कशाला. पेटी मुलींच्या शाळेला देऊन टाका. अक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं व्यवस्थापक सांगायचे.

मी सहज म्हणून गेले, "न्यायच्या आधी अक्कांनी एकदा ऐकावं तरी. आपण छोटासा खेळ बसवू. देवाचाच बसवू, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही."

सुदाम्याचे पोहे ठरले. संवाद मीच रचले. (घरी यांना वाचून दाखवले, तेव्हा हे म्हणाले, "छान झोप लागली.") पण कृष्ण कुणी व्हायचं यावरून पहिल्याच दिवशी जुंपली. आकाराम म्हणून पलटणीतले एक पेन्शनर होते, बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेले. ते म्हणाले, "राजा म्याच. म्या साहेबाच्या म्होरं हुबा ऱ्हायलेला मानूस."

धोंडुबाई म्हणाली, "तेच म्हनते म्या. तुला हुबं ऱ्हायची सवय. राजा बसून असतोय. तुझं पाय धड हायती, तू सुदामा हो आन् चालत ये."

धोंडुबाई कृष्ण झाली. आकाराम सुदामा झाले, पण एका अटीवर. दुसरं महायुद्ध संपलं होतं तरी रेशन चालूच होतं, दूधगुळाचे पोहे म्हणजे चैन. "खेळ झाल्यावर निम्मं पोहं माझं," ते म्हणाले. मी शब्द दिला.

तालमी सुरू झाल्या. कुणालाच वाचता येत नव्हतं, मी म्हणायचं आणि त्यांनी पाठ करायचं. धोंडुबाई दुसरं वाक्य पाठ करी तोवर पहिलं जाई. मी पडद्याआडून पुढचा शब्द सांगितला की मात्र गाडी चाले. तरी मला धाकधूक होती. म्हणून मी महादेवापुढं बसले आणि बोलले, "देवा, खेळ नीट पार पडू दे, पेटी राहू दे. श्रावणातले सगळे मुके सोमवार धरीन." म्हणजे सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत उपास, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. खेळ होता रविवारी. सोमवारचं काय भ्यायचं?

त्या रविवारी कृष्णेला पाणी चढलं आणि नाव बंद पडली. अक्कांचा निरोप आला, पाणी उतरतंय, उद्या दुपारी येते.

उद्या सोमवार. श्रावणातला पहिला.

आमचे हे कोर्टात कारकून. ते म्हणाले, "त्यात काय? देवाकडून पुढची तारीख घे."

"अहो, देव म्हणजे काय तुमचे मुन्सफ आहेत?"

"मग खुणा कर. मुकी माणसं संसार करतात, तुला एक खेळ निभावता येत नाही?"

मला ते पटलं. (यांचं मला जेव्हा जेव्हा पटतं, तेव्हा काहीतरी होतंच.) सगळ्यांना पाठ आहे, मी नुसती समोर दिसले तरी धीर येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

सोमवारी दुपारी ओवरीत माझं नऊवारी लुगडं पडदा म्हणून बांधलं होतं. त्याच्याआड मी उभी, रिकाम्या पोटी, नाकाशी पोह्यांचा वास. समोर राजमतीअक्का पाटावर बसलेल्या, पांढरं पातळ, कपाळावर एक आठी. ती आठी मी पाहिली आणि मला माझा एकही संवाद आठवेना. (आठवून उपयोगही नव्हता म्हणा.)

सुरुवात ठीक झाली. आकाराम लेफ्ट राइट करत द्वारकेत शिरले. धोंडुबाई ट्रंकेच्या सिंहासनावर मोरपीस लावून बसलेली. तिनं पोटली सोडली, एक मूठ पोहे तोंडात टाकले. आता तिनं म्हणायचं होतं की मित्रा, याची गोडी माझ्या सोन्याच्या ताटाला नाही.

ती गप्प. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी तोंडाकडे बोट केलं. बोल, अशा अर्थानं.

तिनं दुसरी मूठ तोंडात टाकली.

मी हात हलवून नको नको केलं, आणि ओठ उघडून मिटून दाखवले. ती मान हलवून जोरजोरात चावायला लागली. मी चिमूट दाखवली, की थोडंसं तरी बोल. तिनं मूठ सोडून चिमटीनं खायला सुरुवात केली. शेवटी मी घायकुतीला येऊन पोटलीकडेच बोट केलं, की बाई, त्या पोह्यांचं काहीतरी बोल. धोंडुबाईनं पोटली उचलली, तोंडावर पालथी केली आणि फडकं झटकून मला दाखवलं.

आकाराम इतका वेळ हात जोडून उभे होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, ह्ये ठरल्यापरमानं न्हाई. निम्मं माझं व्हतं."

"देवाला दिल्यालं म्हागारी मागतोस व्हय रं?" कृष्णानं विचारलं.

"देव झालीस म्हनून समदं खाशील? म्या पाच कोस चालत आलोय."

"कुठलं पाच कोस? त्या दारातनं हितवर आलास."

"मग खाली उतर. म्या बसतो राजा."

"आदी पोहं आन, मंग बस."

हसता हसता केरबांचं डोकं पेटीवर टेकलं होतं, भात्यावरचा हात चालूच होता आणि पेटी एकच सूर काढत होती. मी पडद्याबाहेर येऊन पंजा वर केला, थांबा म्हणून. आकारामांनी टाचा जुळवून मला खाडकन सलाम ठोकला आणि तसेच ताठ उभे राहिले. आता काय करावं? मी सगळ्यांपुढं हात जोडले. धोंडुबाईनं हात जोडले. आकारामांनी जोडले. केरबांना वाटलं, आरतीची खूण. त्यांनी आरती धरली. सगळा आश्रम उठून उभा राहिला, अक्काही उठल्या, आणि खेळ संपला. सुदाम्याला कृष्णानं काहीच दिलं नाही. आला तसा उभा राहिला, वर पोहेही गेले.

आरती झाली. अक्का सरळ माझ्यासमोर आल्या. "कशाला पायजे तुमाला ही पेटी? सांगा की."

व्यवस्थापक टांगा बघायला गेलेले. दिवेलागणीला अजून अवकाश, आणि अक्कांना तर सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं. त्यांचा धर्म तसा. म्हणजे मला तोंड उघडता येईल तेव्हा अक्का नदीपार असणार. उत्तर घशाशी आलं होतं. महादेवाची आठवण काढली आणि गिळलं. बाकी सगळे माझ्याकडेच बघत होते, कारण आजवर त्यांच्या वतीनं मीच बोलत आले होते.

 मग धोंडुबाई ट्रंकेवरून उतरली.

"आवं अक्का, म्या सांगते. नाव आमी देवाचं घेतोच. पर सांच्याला गानं असतं म्हनून सकाळी उठू वाटतं. पेटी गेली तर उठायचं कशाला?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवर पोह्याचं एक शीत चिकटलं होतं. अक्कांनी पदराच्या टोकानं ते पुसलं. त्या हसू लागल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून हसतच राहिल्या.

"ऱ्हाऊ दे पेटी," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "आन् ही मुकी बाई कवापासनं हाय?"

धोंडुबाई खोटं बोलत नाही. "आज सकाळपासनं, अक्का."

"अरारा. आजच आली व्हय? हिला खिडकीकडची खाट द्या."

तेवढ्यात कोर्ट सुटून हे मला न्यायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो अक्का, ती मुकी नाही. नवस आहे तिचा. श्रावणातल्या सोमवारी बोलत नाही."

"आन् बाकीच्या वारी?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही मौन धरून उभे राहिले. धोंडुबाई म्हणाली, "बाकीच्या वारी पाठ करून घेती."

अक्का थोडा विचार करून टांग्यात चढल्या. "मंग खेळ सोमवारीच करत जावा," त्या म्हणाल्या, आणि टांगा गेला.

ओवरीतल्या कोनाड्यात दिवा लागला. व्रत पुरं झालं. दिवसभर साठलेलं इतकं होतं की कुठून सुरू करावं तेच कळेना. मी तोंड उघडलं, तोच आकाराम समोर येऊन उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी आज लय ब्येस बोलला."