शेडमधले अमिश

ही गोष्ट इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या कुणाही मराठी माणसाला सांगा, तो म्हणेल, मुरलीधररावांनी सांगितली ना, मग सोडून द्या. विश्वास कुणीच ठेवणार नाही. पण ज्या घराने आपल्याच माणसांना चोर ठरवून बाहेर काढलं, ते घर अजून तिथेच उभं आहे. जाऊन बघा.

निवृत्त डॉक्टर मुरलीधरराव तिथे मुलगा पुष्कर, सून वरदा आणि नात तनया यांच्याबरोबर राहतात. तनया सोमवारी शिकायला न्यूकॅसलला निघणार होती. रविवारचं जेवण तरी सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. पण त्या घरात जेवायला बसलं की टेबलावर ताटं चार आणि फोन पाच.

सरळ सांगून कुणी ऐकलं नसतं, म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या अमिश पंथाची गोष्ट बाहेर काढली. वीस वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात कॉन्फरन्सला गेले असताना ते एका अमिश सुताराकडे जेवले होते. जेवण एकच, पण सांगताना त्यात दरवर्षी एक पदार्थ वाढायचा. घोडागाडीतून हिंडणारी माणसं, पण यंत्रांशी त्यांचं वैर नाही. सुतारीणबाईंचं वॉशिंग मशीन होतं, फक्त विजेऐवजी दाबलेल्या हवेवर चालायचं. नवी वस्तू आली की ती मंडळी एवढंच विचारतात, हिच्यामुळे घर जवळ येईल की पांगेल? म्हणून फोन घरात नाही, शेताच्या टोकाला एका लाकडी खोपटात. काम असलं की चालत जायचं, बोलायचं, परत यायचं.

“मग आपली गार्डन शेड आहे की,” तनया म्हणाली. पुष्करने फोन आणखी घट्ट धरला, तशी ती त्याच्याकडे वळली. “जस्ट फॉर लंच. चिल, बाबा.”

पाचही फोन शेडमधल्या रिकाम्या कुंडीत गेले. वरदाने मसालेभात वाढायला घेतला. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच कोपऱ्यातला झाडू मारणारा रोबो आपणहून निघाला, आणि पुष्करचा चेहरा पडला. घर स्मार्ट त्यानेच केलं होतं. आत माणसं आहेत की नाहीत, हे घर वायफायवरच्या फोनांवरून ओळखायचं, आणि शेडपर्यंत वायफाय पोचत नव्हतं. घराच्या मते सगळे बाहेर गेले होते.

“कुणी हलू नका,” पुष्कर पुटपुटला. “अलार्म ऑन झाला असणार. कुणी हललं की वाजेल.”

रोबो अलार्मच्या ओळखीचा होता, माणसं नव्हती. चौघं घास गालात धरून पुतळ्यासारखी बसली. रोबो मुरलीधररावांच्या पायाला ढुशा देत होता, पण ते मनातून खूश होते. इतका वेळ सगळ्यांनी एकमेकांकडे बघितल्याला वर्षं झाली होती. त्या आनंदात त्यांचा हात पापडाकडे गेला.

भोंगा असा वाजला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली. सगळे शेडकडे पळाले. वरदाच्या हातात भाताचं पातेलं तसंच. मागून येणाऱ्या मुरलीधररावांनी सवयीने दार ओढून घेतलं, आणि मालक घरी नाहीत म्हणून दाराने स्वतःला कुलूप लावून घेतलं. पुष्करने फोनच्या मोबाइल डेटावरून भोंगा बंद केला, पण दार उघडेना. सुरक्षेसाठी अर्धा तास थांबा, असं फोन म्हणाला.

मग ती मंडळी खताच्या पोत्यांवर बसली आणि एकाच पातेल्यात हात घालून जेवली. वरदाने सांगितलं की नागपूरहून आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. हे पुष्करलाही ठाऊक नव्हतं. पुष्कर म्हणाला, तनूची बॅग भरून झाल्यापासून त्याला झोप नाही. तनया बापाला टेकून बसली. फोन कुंडीत पडले होते, कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात त्यातला एक वाजला. दार उघडलं होतं. पुष्कर गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

“बस,” मुरलीधरराव म्हणाले. “अमिश लोकांचा फार जुना नियम आहे. खोपटात जेवण सुरू झालं, तर पातेलं रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. त्या सुताराकडे मी स्वतः पाहिलंय.”

तनयाने पातेल्यात वाकून बघितलं. भात अजून निम्मा होता.

“आजोबा, हा रूल तुम्ही आत्ता बनवला,” ती म्हणाली. “बाबा, बसा ना खाली.”