रक्ताचं माप

टेलर मास्तरांनी बायकोचा रिपोर्ट आधी दिव्याखाली वाचला, मग खिडकीशी नेऊन वाचला. दोन्हीकडे आकडा तेवीसच निघाला. मागच्या खेपेला तो एकोणीस होता. कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय का, हे पाहायला दर तीन महिन्यांनी रक्तातला हा मार्कर मोजायचा असे. पस्तिसाच्या आत असला की काळजी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं होतं. पण मास्तरांच्या धंद्यात चार इंच चुकले की फुलपँटची पाऊणपँट होते.

दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. रिपोर्ट मशिनच्या खणात गेला आणि मास्तर स्वयंपाकघरात.

"अगं, रक्त परत द्यावं लागेल. त्यांच्याकडून नळी फुटली म्हणे. या वेळी चौकातल्या लॅबमध्ये जाऊ."

"बरं," म्हणून बायको भाजी चिरत राहिली.

चौकातल्या लॅबने एकोणचाळीस सांगितले. मास्तरांचं धाबं दणाणलं. दोन मापं जुळली नाहीत की ते तिसरं घेत.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"यांचा फ्रिज बंद पडला."

"बरं," ती म्हणाली आणि तिसऱ्या लॅबमध्ये जाऊन तिने दुसरा हात पुढे केला.

तिथे निघाले एकतीस. त्या दिवशी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बायको मात्र निवांत. हिला कशाची भीतीच वाटत नाही, याचा त्यांना आधारही वाटे आणि रागही येई.

शेवटी डॉक्टरीणबाईंपुढे तिन्ही रिपोर्ट मांडून त्यांनी बायकोदेखत सगळं कबूल केलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळं, पद्धत वेगळी. छाती तुमच्या टेपने आणि कंबर शेजाऱ्याच्या वितीने मोजून कोट शिवाल का? नेहमीच्या लॅबमध्येच परत तपासलं असतं, तर काही कळलं असतं."

"म्हणजे आता चौथ्यांदा?" मास्तरांचा आवाज चिरकला.

बायकोने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर नेहमीच्याच लॅबचं नाव होतं.

"फ्रिजचं सांगितलंत, तेव्हाच मला शंका आली. परवा एकटीच जाऊन रक्त देऊन आले, काल रिपोर्ट आणला. नळी फुटली नव्हती, हे तिथेच कळलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही चौथ्या लॅबमध्ये नेलं असतं."

बाईंनी पाकीट फोडलं. "बावीस. छान आहे. एवढं वरखाली होतंच. तीन महिन्यांनी या."

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग फाटलेल्या पाकिटाकडे पाहून ते गोंधळले.

"कालपासून हे पर्समध्ये घेऊन फिरतेयस? उघडून बघायचंस ना."

"एकटीने धीर होईना," ती म्हणाली.