समोर बघायला आहे काय?

"तुमचा चेहरा नाही तो, पाटी आहे पाटी. 'आम्हाला जागा आवडली, भाव वाढवा' असं लिहिलेली," असं नवऱ्याला म्हणत, जमीन बघून परतलेल्या बायकोने हातातली पिशवी ओट्यावर आपटली आणि सवयीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागायचा. त्या भिंतीवर एक पाइप होता आणि पाइपाखाली शेवाळाचा हिरवा पट्टा. लग्न होऊन या घरात आल्यापासून भाजी चिरताना, भांडी घासताना बाईने एवढंच पाहिलं होतं.

नवऱ्याची तर याहून वाईट तऱ्हा. त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबण्यात गेली. लोक त्यांना लिफ्टवाले म्हणायचे, आणि हळूहळू घरचेही तेच म्हणायला लागले. "कितवा मजला?" याच्यापुढे त्यांना दिवसभर बोलायला काही नसे. नोकरी संपली तेव्हा दोघांनी ठरवलं की मिळालेल्या पैशातून शहराबाहेर, लांब खेड्यात, तुकडाभर जमीन घ्यायची आणि त्यावर एक लहानशी लाकडी खोली बांधायची.

"दाजी, जन्मभर खोक्यात बसलात, आता पदरचे पैसे घालून पुन्हा खोकंच?" मेहुण्याने विचारलं होतं.

"या खोक्याला खिडकी असेल," बायकोने परस्पर उत्तर दिलं होतं. तिला खोलीचं फारसं काही नव्हतं. तिला खिडकी हवी होती, आणि त्या खिडकीतून गेलेली नजर कुठे आपटू नये, एवढंच.

पण जमिनी बघायला जायचं म्हणजे लिफ्टवाल्यांना बरोबर न्यायला लागायचं, आणि तिथेच घोटाळा होई. पहिल्या जागेवर ते मालकाच्या देखत म्हणाले, "अहो, एवढी छान जागा इतक्या स्वस्तात?" मालकालाही ते पटलं आणि त्याने तिथल्या तिथे भाव वाढवला. दुसऱ्या जागेवर बायकोने त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. पण ते असे हसत उभे राहिले, की त्या मालकाने आधी ठरलेल्या भावातून विहिरीतला वाटा काढून त्याचे वेगळे पैसे मागितले.

तेव्हा मेहुण्याने त्यांना हाताखाली घेतलं. मेहुण्याचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं आणि घासाघीस हा त्याचा श्वास होता. त्याने दाजींना दुकानात बोलावून एक खुर्ची पुढे केली.

"ही कशी आहे?"

"चांगली आहे की."

"दाजी!"

"मजबूत आहे. पाठीला आराम वाटतो."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "हे बघा, वस्तू आवडली की तोंड कडू करायचं. नावं ठेवायची. जे सगळ्यात जास्त आवडलं असेल त्याच्याकडे तर पाठ करूनच उभं राहायचं. आणि मग निघून जायचं, पण सावकाश. दहा पावलं गेलात की मागून हाक येते, 'अहो, या इकडे, तुमचं काय म्हणणं आहे ते तरी सांगा.' आलीच म्हणून समजा."

लिफ्टवाले मन लावून शिकले. दोन-चार दिवसांत खुर्चीचा पाय, कपाटाची बिजागरी, टेबलावरचा डाग, सगळं त्यांना दिसायला लागलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे. रंगही उतरलेला वाटतो."

"ती तालीम घरात नको," बायको म्हणाली. पण ती मनातून खूश होती. माणूस तयार झाला होता.

तिसरी जागा एका शेळीवाल्या म्हाताऱ्याची होती. गावाच्या वर टेकडीच्या कुशीत लहानसा सपाट तुकडा, कडेला एक जुनं झाड. पीक काही येत नसे, म्हातारा तिथे शेळ्या चारायचा. आता गुडघे कुरकुरत होते, म्हणून तो जागा काढत होता. त्याने सांगितलेला भाव ऐकून बायकोने नवऱ्याचा दंड असा दाबला, की त्यावर वळ उठले असतील. भाव त्यांच्या ऐपतीतला होता. कमी करायचीसुद्धा गरज नव्हती.

लिफ्टवाले झाडापाशी गेले आणि त्यांनी समोर पाहिलं. टेकडी उतरत उतरत खाली गेली होती, तळाशी नदीने सावकाश वळण घेतलं होतं, आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर फिके होत गेले होते. नजर जात राहिली, ती कुठे आपटलीच नाही. आता आपण बोललो तर सगळं संपलं, हे त्यांना कळलं. ते घाईने पाठ फिरवून उभे राहिले आणि जोरात म्हणाले, "पाणी कुठाय इथे?"

"खाली झरा आहे, बुजलाय जरा," म्हातारा म्हणाला.

"म्हणजे पाणी नाही. आणि वाट? येताना माझ्या वहाणा निसटत होत्या. वारा तर असा आहे, की खोली बांधली तर पतंगासारखी उडून जाईल. दगड किती! आणि," इथे त्यांनी अंगठ्याने खांद्यावरून मागे दाखवलं, "समोर बघायला आहे काय?"

मेहुणा तोंडावर रुमाल धरून उभा होता. शिष्याचं कौतुक त्याच्या पोटात मावत नव्हतं. बायकोही मान हलवत होती, पण हलवता हलवता नवऱ्याच्या खांद्यावरून नदीकडे बघून घेत होती.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मला माहीतच नव्हतं हो, जागा एवढी वाईट आहे," तो म्हणाला. "माझा जन्म इथे गेला, पण तुमच्यासारखी नजर नाही आम्हाला. नका घेऊ. एवढ्या खोडी असलेली वस्तू मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही."

"चला दाजी," मेहुणा पुटपुटला. "सावकाश."

तिघं सावकाश निघाले. दहा पावलं झाली, वीस झाली. मेहुण्याने वाकून बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची सोडून पुन्हा बांधली. हाक आली नाही. वळून बघितलं तर म्हातारा खाली मान घालून दगड न्याहाळत होता.

"फोन येईल. जो आधी फोन करतो तो हरतो," मेहुणा म्हणाला.

आणि फोन खरंच आला. "झरा मोकळा केला बघा," म्हातारा सांगत होता. "पोराला घेऊन गाळ काढला. गोड पाणी लागलंय."

लिफ्टवाल्यांनी फोनवर हात ठेवून घरातल्या सगळ्यांकडे पाहिलं. बायको डोळ्यांनीच 'हो म्हणा' म्हणत होती. मेहुणा दोन्ही हात हलवत कुजबुजला, "नरमला! आता वाटेचं विचारा. भाव आणखी खाली येतो."

"पण वाट?" लिफ्टवाले फोनमध्ये म्हणाले.

"हां, वाट राहिलीच की," म्हातारा ओशाळून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर दोष एकट्या मेहुण्याचा नव्हता. लिफ्टवाल्यांना एक गोडी लागली होती. आजवर त्यांनी दुसऱ्यांनी सांगितलेले मजले दाबले होते. आता आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही सांगितलं की दूर कुठेतरी एक माणूस उठून ते करत होता. वाट झाल्याचा फोन आला, चढाला दगडी पायऱ्या बसवल्या होत्या. तेव्हा मेहुणा समोर नव्हता, तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि वाऱ्याचं काय?"

बायको भाजी चिरता चिरता थांबली. "का हो? का विचारलंत?"

"सहज. आता केलंच आहे एवढं तर..."

"आपल्याला जागा हवीय का तुम्हाला मुकादम व्हायचंय?"

ती पुन्हा चिरायला लागली, शेवाळाच्या पट्ट्याकडे बघत.

पुढे फोन येईना. वाट बघून बघून एका सकाळी बायकोनेच विसाराचे पैसे पिशवीत घातले. "मी हरले म्हणा हवं तर," ती मेहुण्याला म्हणाली. "तू चल साक्षीला. आणि अहो, तिथे गेल्यावर पहिलं वाक्य 'जागा आम्हाला आवडली' हेच. म्हणून दाखवा."

"जागा आम्हाला आवडली," लिफ्टवाल्यांनी म्हणून दाखवलं. मग बसमध्येही मनाशी म्हणत राहिले.

पायऱ्या खरंच सुरेख होत्या. वर झऱ्याचं पाणी एका दगडी कुंडात पडत होतं. वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढी भिंत उभी होती आणि भिंतीच्या आडोशाला, झाडाखाली, एक लहानशी लाकडी खोली होती. तिला मोठी खिडकी होती. खिडकीत म्हातारा बसला होता.

"या या!" तो लगबगीने बाहेर आला. "मी तुम्हालाच फोन करणार होतो, पण लाज वाटत होती. अगं, ते आले बघ, ज्यांनी सगळं सांगितलं ते!"

आतून त्याची म्हातारी आली. चहा ठेवला गेला. चौघांना जेमतेम पुरेल अशा त्या खोलीत पाच जण दाटीने बसले. म्हातारी लिफ्टवाल्यांच्या बायकोला म्हणाली, "तुम्ही इथे बसा, खिडकीशी." बाई बसली, आणि मग चहा हातात तसाच राहिला.

"जागा..." लिफ्टवाल्यांनी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं.

"काय झालं सांगू का," म्हातारा म्हणाला. "झरा, वाट, भिंत, सगळं तुमच्यासाठीच केलं. पण तुम्ही एक बोलला होता ते मनातून जाईना. 'समोर बघायला आहे काय?' म्हटलं, हा माणूस एवढा पारखी, म्हणतोय तर बघू तरी काय आहे ते. जन्मभर इथे आलो, पण नजर शेळ्यांवर. एक शेळी इकडे, एक तिकडे, मान वर कधी केलीच नाही. त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी त्या दगडावर बसलो. संध्याकाळपर्यंत उठलोच नाही हो. दुसऱ्या दिवशी हिला घेऊन आलो."

"मी म्हटलं, विकायची नाही," म्हातारी म्हणाली. "शेळ्या विका."

मेहुण्याने कपात तोंड घातलं. बायको खिडकीतून बघत राहिली.

"आता तुम्हीच सांगा," म्हातारा लिफ्टवाल्यांकडे सरकून बसला. "अजून काही कमी आहे का? त्याला तुमच्यासारखी पारखी नजर लागते."

लिफ्टवाल्यांनी छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बिजागरी जरा तिरकी होती, ते त्यांना दिसलं. "नाही," ते म्हणाले. "काही कमी नाही."

निरोप घेऊन तिघं पायऱ्या उतरायला लागले. दहा पावलांवर मेहुणा थांबला आणि वाकला. त्या दिवशी त्याच्या पायात चपला होत्या, तरी तो वाकून अंगठ्याशी काहीतरी करत राहिला. तिघंही मागे कान देऊन उभे राहिले. वरून पाण्याचा आवाज येत होता, आणि म्हातारा-म्हातारी कशावर तरी हसत होती.

"झालं का रे बांधून?" थोड्या वेळाने बायकोने विचारलं.

"झालं, ताई."

ती तरी निघाली नाही. विसाराची पिशवी छातीशी धरून तिथेच पायरीवर टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा. बघून घ्या एकदा. त्या दिवशी तुम्ही पाठच केली होती."

लिफ्टवाले तिच्याशेजारी बसले. खाली नदी वळत होती. डोंगरामागे डोंगर तसेच होते.

"किती सुंदर आहे," ते मोठ्याने म्हणाले. आता म्हणायला काही हरकत नव्हती.