नानाजी वकील आणि दफा दोनशे एकोणऐंशी

धंतोलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या फाटकावर नानाजी वकील रोज सकाळी बैलांची साक्ष काढत. एखादी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, धडधडत आली की हा साठीचा माणूस काळ्या कोटात तिच्यापुढे आडवा उभा राहायचा, बैलाचं तोंड निरखायचा आणि म्हणायचा, "याला फेस आला आहे. म्हणजे पळवला. हाकणारा कोण?"

हाकणारा बहुधा मुलीचा बापच असायचा. "मीच. पोरीला उशीर होऊन राहिला होता."

"उशीर तुमच्या पोरीला, आणि चाकाखाली दुसऱ्याची? दफा दोनशे एकोणऐंशी."

पिनल कोडातली ही दफा बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्यासाठी आहे. नानाजींच्या तोंडी ती इतकी बसली होती की मुलींनी त्यांचं नावच तसं ठेवलं. मी तिथे मास्तर होतो. एकतीसचा पाढा म्हणताना 'एकतीस नव्वे दोनशे एकोणऐंशी' आलं की अख्खा वर्ग खिदळायचा आणि दहावी ओळ कोणाला आठवायची नाही.

वकिली त्यांची बेताचीच, त्यामुळे नोटिसा लिहायला वेळ भरपूर. सायकलच्या दांडीवर एक आणि मागे दोन मुली घेऊन येणाऱ्या बापाला नोटीस. टांग्यातून उतरून "मी कुठे हाकत होतो, टांगेवाल्याला विचारा," म्हणणाऱ्या कारकुनालाही नोटीस. "'जल्दी चल' असं त्याला कोण म्हणालं?" नानाजींनी विचारलं. "मग लगाम त्याच्या हातात असला तरी टांगा तुम्हीच हाकत होता."

अशात पारशिवनीकडच्या एका जमीनदार मालगुजारांनी नवी मोटार घेतली. ड्रायव्हरला मागे बसवून ते स्वतः चालवत मुलीला शाळेत सोडायचे. एकदा भोंगा वाजवत ते थेट फाटकात घुसले. मुली पांगल्या, एकीची पाटी चाकाखाली चुरा झाली. नानाजी मोटारीपुढे जाऊन उभे राहिले.

"बाजूले व्हा, वकीलसाहेब. कोणाले लागलं काय?" मालगुजार म्हणाले.

"लागल्यावरच विचारायचं काय?"

त्यांनी दिलेली नोटीस मालगुजारांनी फाडली. नानाजींनी फिर्याद केली आणि साक्षीदार म्हणून मला मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत नेलं.

मालगुजारांचा वकील तरुण, हुशार. त्याने नानाजींना विचारलं, "आपलं मूल आहे या शाळेत?"

"नाही. माझा मुलगा जबलपूरला नोकरीत आहे."

"नातवंड?"

"नाही."

"मग आपला संबंध काय?"

कचेरीत हशा पिकला. नानाजी मॅजिस्ट्रेटकडे बघून हळू बोलू लागले.

"मुलगा लहान होता तेव्हा मीही दमणी हाकत त्याला शाळेत सोडायचो. एकदा त्याची परीक्षा होती, उशीर झाला होता. बैल पळवले. वळणावर एक सहा वर्षांची पोर चाकाखाली आली. जगली, पण पाय अधू झाला. मी ठाण्यात जाऊन म्हटलं, माझ्यावर फिर्याद लिहून घ्या. दारोगा म्हणाला, वकीलसाहेब, घरी जा. पोरीचा बाप शिंपी होता. तोही म्हणाला, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. मला कोणीच जाब विचारला नाही, हुजूर."

कोणाला इजा नाही म्हणून मॅजिस्ट्रेटांनी मालगुजारांना समज देऊन सोडलं. पण दुसऱ्या दिवशी मोटार कोपऱ्यावरच थांबली. मालगुजार मुलीचा हात धरून फाटकापर्यंत चालत आले आणि नानाजींकडे न बघता परत गेले.

नानाजींचंही लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मला म्हणाले, "मास्तर, रविवारी माझ्यासोबत कन्हानला चला. ती पोर, गोदा, तिथे दिली आहे. दर दिवाळीला जातो मी, तिच्या बापाचा ओळखीचा म्हणून. तिला काही माहीत नाही. आता कचेरीत बोललो, दुसऱ्या कोणाकडून तिच्या कानावर जायला नको."

रविवारी आम्ही गाडीने कन्हानला तिच्या घरी पोहोचलो. गोदा लंगडत बाहेर आली, पाण्याचा तांब्या ठेवला. दोन लेकरं नानाजींच्या मांडीवर हक्काने चढून बसली. आता मलाच बोलावं लागणार असं वाटत असताना नानाजी म्हणाले, "गोदा, ती दमणी माझी होती."

"माहीत हाय मले," गोदा म्हणाली. "बाबानं तवाच सांगतलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली काहून नाहीस?"

"बोलली असती तं तुमी येनं सोडलं असतं." ती चुलीकडे वळली. "बसा आता. जेवूनच जा."

नानाजी जेवायला बसले. प्रत्येक वाढपाला ते "पुरे, पुरे" म्हणत होते आणि ताट पुढे करत होते.