हेमचंद्ररावांची दहा पावलं

कुठली वस्तू कुठे घ्यावी हे आपल्याला न विचारता बाजारात जाणारा माणूस हमखास फसतो, असं अंबरनाथच्या हेमचंद्ररावांचं ठाम मत होतं. कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी या कार्याला वाहूनच घेतलं होतं. वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं भाड्याने राहायला आली, की सामान लावायच्या आधी त्यांना व्याख्यान ऐकावं लागे. गाद्या आणि बादल्या उल्हासनगरला, पूजेचं सामान शिवमंदिराजवळ, भाजी बदलापूर गावात आणि मॉलमध्ये फक्त थंड हवा खायला जायचं. "आणि कुठेही गेलात तरी दहा पावलं विसरायची नाहीत," असा व्याख्यानाचा समारोप असे.

दहा पावलं म्हणजे त्यांची खास विद्या. दुकानदाराने भाव सांगितला, की आपण आपला सांगायचा. तो नाही म्हणाला, की पाठ फिरवून चालू लागायचं. मागे बघायचं नाही. सातव्या पावलाला वाकून चपलेचा पट्टा सारखा करायचा. दहाव्याला हाक येते. अठ्ठावीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि हे ते कुणालाही, न विचारता सांगत.

रविवारी त्यांच्या मुलाचा, अनीशचा साखरपुडा होता आणि शुक्रवारी सकाळी मंडळी साडीसाठी उल्हासनगरच्या कापडबाजारात आली होती. त्यांच्या पत्नी वृंदाताई आणि अनीश स्टीलचे डबे बघायला भांडीगल्लीत गेले. हेमचंद्ररावांबरोबर होती होणारी सून राजसी आणि तिचे वडील राजेंद्र. राजेंद्र बदलापूरच्या शिरगावात राहत. मोजे, टूथपेस्टपासून फ्रिजपर्यंत सगळं मोबाइलवरून मागवणारा तो माणूस. व्याह्यांची विद्या प्रत्यक्ष बघायची म्हणून त्यांनी खास रजा टाकली होती.

राजसीने तीन आठवड्यांत चाळीसेक साड्या नाकारल्या होत्या. हेमचंद्ररावांच्या नेहमीच्या, धर्मेशच्या दुकानात मात्र तिने कोथिंबिरी रंगाची, जांभळ्या काठाची एक साडी खांद्यावर टाकली आणि ती खाली ठेवेचना. शिरगावची वेणूबाई दुपारी दोनपर्यंत कापड हातात मिळालं तरच रविवारचा ब्लाऊज शिवून देणार होती. म्हणजे हीच साडी, आणि आत्ताच.

"आठ हजार चारशे," धर्मेश म्हणाला. "एकच पीस आहे, साहेब."

"साडेपाच."

"नाही परवडत."

"राहिलं," असं म्हणून हेमचंद्ररावांनी पाठ फिरवली. राजेंद्रांना डोळ्यांनीच 'आता बघा' असं सांगितलं आणि ते चालू लागले. मागून राजेंद्र, त्यांच्या मागून मान वळवून वळवून साडीकडे बघत राजसी. सातव्या पावलाला हेमचंद्ररावांनी चपलेचा पट्टा सारखा केला. दहावं पाऊल पडलं. मग अकरावं पडलं. पंधराव्याला त्यांनी दुसऱ्या चपलेचा पट्टाही सारखा केला. पंचविसाव्याला दाल-पकवानची गाडी आली आणि रस्ताच संपला.

"त्यांनी हाक नाही मारली, काका," राजसी म्हणाली.

"मारेल. रिक्षांचा आवाज केवढा आहे बघ. तोवर आपण खाऊन घेऊ."

तिघांनी दाल-पकवान मागवलं. हेमचंद्रराव दुकान दिसेल असे उभे राहिले. तेवढ्यात दोन बायका धर्मेशच्या दुकानात शिरल्या आणि राजसीने हातातली प्लेट खाली ठेवली.

"काका, मला खरंच तीच साडी हवीय. तुमच्या भावाच्या वरचे पैसे मी टाकते ना. जीपे करते पटकन."

"वरचे पैसे?" हेमचंद्ररावांना हे फार लागलं. "आमच्या घरात वरचे पैसे कुणी देत नाही, राजसी. अठ्ठावीस वर्षांत दिलेले नाहीत."

"बाबा, काहीतरी बोला ना," राजसी वडिलांना म्हणाली.

"अगं, त्यांची पद्धत आहे. आपण मध्ये नको पडायला," राजेंद्र म्हणाले. पण त्यांनी घड्याळात बघितलं, आणि ते बघणं हेमचंद्ररावांच्या नजरेतून सुटलं नाही.

आता मात्र पंचाईत झाली. साडी गेली तर पोरीच्या साखरपुड्याचा बेरंग होणार. परत गेलं तर व्याह्यांसमोर नाक कापलं जाणार. "चष्म्याची डबी विसरलो वाटतं," असं पुटपुटत ते निघाले आणि गाड्यांच्या आडोशाने दुकानात शिरले.

धर्मेशने सवयीने साडी पिशवीत भरून गल्ल्यापाशी ठेवलेली होती. "काय साहेब, भाभी नाही आल्या आज?" धर्मेशने विचारलं.

"तिचं काय काम आहे?"

"मग मी हाक कशी मारणार?" धर्मेश बुचकळ्यात पडला. "तुम्ही पाठ फिरवता, मागे भाभी पर्सवर हात ठेवतात. म्हणजे वरचे त्या देणार. मग मी बुलावतो तुम्हाला. आज बघितलं तर मागे भाभीच नाहीत. म्हटलं, आज साहेब सच्चीमध्ये चालले."

हेमचंद्रराव समोरच्या स्टुलावर बसले. "हे कधीपासून?"

"डॅडी गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून. टेन्शन नको घेऊ साहेब, पूर्ण मार्केटला माहीत आहे."

घरातली एकेक वस्तू हेमचंद्ररावांच्या डोळ्यांसमोरून गेली. पडदे, मिक्सर, देवघरातली समई, अनीशची पहिली सायकल. प्रत्येकीची किंमत ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत आले होते. आणि वृंदा वरचे पैसे आणायची कुठून? घरखर्चातूनच, दुसरं कुठून. अंबरनाथला तूरडाळ एवढी महाग का मिळते, यावर त्यांनी वर्तमानपत्राला दोन पत्रंही लिहिली होती. त्यांना भयंकर लाज वाटली. आणि आपल्या बायकोने अठ्ठावीस वर्षांत हे एकदाही तोंडावर फेकलं नाही, हे लक्षात आल्यावर ती आणखीच वाढली.

त्यांनी मुकाट्याने आठ हजार चारशे दिले. मग म्हणाले, "धर्मेश, एक काम कर. मी दहा पावलं जातो. तू हाक मार. मोठ्याने."

धर्मेश जातिवंत दुकानदार. त्याने पिशवी ठेवून घेतली, साहेबांना बाहेर जाऊ दिलं आणि दहाव्या पावलाला पायरीवर येऊन अख्खा बाजार वळून बघेल अशी हाक दिली, "अरे साहेब, या! घेऊन जा तुमच्या भावात! तुमच्यापुढे कोणाचं चालतं का, साईं?"

जरा जास्तच झालं. गाडीपाशी राजेंद्रांच्या हातातलं पकवान तसंच राहिलं. ते धावतच आले, पाठोपाठ राजसी आली, आणि पिशवी छातीशी धरून ती एवढी हसली, की गेलेल्या पैशांचं हेमचंद्ररावांना काही वाटेनासं झालं.

"मानलं तुम्हाला, हेमचंद्रराव," राजेंद्र म्हणाले. "आता आलोच आहे तर बहिणीला आणि मेहुणीला एकेक घेऊन टाकतो. पण या वेळी मी चालून बघू का? जमेल मला?"

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. राजेंद्रांनी दोन साड्या निवडल्या, छाती काढून निम्मा भाव सांगितला, धर्मेशचा नकार ऐकला आणि शिकवल्याप्रमाणे पाठ फिरवली. राजसी मजा बघायला दाराशी गेली. एक, दोन, तीन. सातव्याला ते इतका वेळ पट्टा सारखा करत बसले, की मागची स्कूटर हॉर्न देऊ लागली.

धर्मेशने हेमचंद्ररावांकडे बघितलं. हेमचंद्ररावांनी डोळे मिटले आणि हळूच शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"अरे साहेब, या, या!" धर्मेश गरजला.

"आरशाकडे पाठ करून उभं राहायचं असतं," मागून हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं. हेमचंद्रराव दचकून वळले. दुकानाच्या बाजूच्या दाराने आलेल्या वृंदाताई पदराने घाम पुसत उभ्या होत्या. "नाहीतर ते परत येताना आरशात खिशावरचा हात दिसतो, अहो."

हेमचंद्ररावांनी खिशावरचा हात खाली घेतला. त्यांनी विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या आईंनी. मामंजी माझा शालू घ्यायला निघाले होते, तेव्हा."

बाहेर राजेंद्र राजासारखे चालत परत येत होते. त्यांच्या मागे, पलीकडच्या चपलांच्या दुकानात अनीश कोल्हापुरीचा भाव करत होता. दुकानदाराने मान हलवली, तसा अनीश पाठ फिरवून ऐटीत चालू लागला. वृंदाताईंनी सुनेकडे बघितलं. दाराशी उभं राहून सगळं ऐकलेली राजसी रस्ता ओलांडून कधीच तिथे पोहोचली होती आणि खांद्यावरची पर्स हळूच पुढे घेत होती.