दुकानाला मानवणारी गल्ली

आरोग्याच्या दुकानाला सगळ्यांत मोठा धोका निरोगी माणसांपासून असतो. ही गोष्ट धरणगावच्या ललितला पुण्याच्या एका कंपनीच्या अर्जावरून कळली, आणि अर्ज छापील असल्यामुळे त्याने ती खरी मानली.

ललित तेहेतीस वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री, निर्व्यसनी आणि बारा एकर कपाशीचा धनी. एवढे दुर्गुण एकाच मुलात असल्यावर लग्न जमणार कसं? "मुलगा शेती करतो" एवढं ऐकूनच सतरा ठिकाणांहून नकार आले होते. अठरावं स्थळ भुसावळच्या दिपमालेचं. ती त्याला मनापासून आवडली होती, आणि (ऐकीव माहितीनुसार) तोही तिला. तिचे वडील प्रेमराजभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची अट साधी होती: मुलाचं दुकान पाहिजे, कशाचंही चालेल. म्हणून ललितने हेल्थ फूडच्या दुकानाची एजन्सी मागितली.

कंपनीला मात्र कोणतीही गल्ली चालत नव्हती. आधी दोनशे घरांची पाहणी. घरात साखर (रक्तातली) असल्यास पाच गुण, बीपी असल्यास चार, वजनाची नुसती काळजी असली तरी दोन. कुठेही जायचं नसताना चालणारा माणूस असल्यास तीन. वजाबाकीही होती. शेतातली ताजी भाजी, उणे तीन. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उणे पाच (तेच पीठ कंपनी पाकिटातून विकत असे). सत्तरी ओलांडून औषधाविना हिंडणारी व्यक्ती, उणे दहा.

ललितने इमानेइतबारे घरं पालथी घातली. दुकानासाठी शंभर गुण लागत, पडले अकरा. "आपल्या वस्तीची प्रकृती दुकानास मानवणारी नाही," असं पत्र आलं. गेलेल्या गुणांतले दहा तर सख्ख्या बापानेच घालवले होते. जीवरामआबा पंच्याहत्तरीतही पायी शेतात जात आणि येताना डोक्यावर चाऱ्याचा भारा आणत.

"आबा, तुम्हले साधं पित्त बी नई शे!" ललित कळवळून म्हणाला.

"मन्हं चुकनं, भाऊ," आबा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच मान खाली घातली.

शेजारच्या बेबाअक्कांनी हे ऐकलं आणि पदर खोचला. दारोदार जाऊन त्यांनी सांगितलं, "पोऱ्यानं लगीन अडी ऱ्हायनं. घरपरत एकेक रोग सांगा."

गल्लीने मन मोठं केलं. गादीवाले नूर महंमद म्हणाले, "शुगर भी लिख, बीपी भी लिख. पड़ोस का काम है, एक में क्या होता?" हे कळल्यावर एकच रोग सांगितलेली चौदा घरं दुसरा नोंदवायला परत आली. जुन्या रेशनकार्डांवरची दोन मयत माणसंही यादीत शिरली (त्यांचे आजार तेवढे खरे होते). साखर एक्क्याऐंशी टक्के, बीपी चौऱ्याहत्तर टक्के, उरलेल्यांपुढे "तपासणी बाकी" असं लिहिलं.

मग कंपनीचे साहेब पडताळणीला आले. भर मे महिन्यात आबा घोंगडी पांघरून खाटेवर पडले होते. पाहुण्याच्या हातात बिनसाखरेचा चहा देण्याची पाळी गल्लीतल्या कनीजचाचींवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोळ्यांवर परिणाम," असं साहेबांनी टिपून घेतलं. दुकान मंजूर झालं.

उद्घाटनाला कंपनीने रंगीत पत्रकं काढली आणि थेट भुसावळपर्यंत वाटली: "जिल्ह्यातील सर्वांत आजारी गल्लीत आता आम्ही!" तिसऱ्या दिवशी प्रेमराजभाऊ ते पत्रक घेऊन दुकानात हजर झाले.

"मुलगा चांगला, दुकानही चांगलं," ते म्हणाले. "पण असल्या गल्लीत पोरगी कशी द्यायची? तुमच्या वडिलांना म्हणे पाच रोग आहेत."

ललितचा धीर सुटला. "मामा, सगळं खोटं आहे हो! गल्ली ठणठणीत आहे. आबांना तर साधं पित्तही नाही."

प्रेमराजभाऊंनी भिंतभर रचलेली पाकिटं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"मग हे दुकान चालणार कसं?" त्यांनी विचारलं, आणि ते पाणीही न पिता उठले.

दिपमालेचं लग्न नाशिकच्या एका मुलाशी ठरलं. त्याचं औषधांचं दुकान आहे, फार जोरात चालतं. त्याच्या गल्लीची प्रकृती कशी आहे, हे प्रेमराजभाऊंनी विचारलं नाही. ललित त्या दिवशी शटर ओढून आत बसला आणि हमसून हमसून रडला. गल्लीलाही फार वाईट वाटलं. कितीतरी घरांत त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

कंपनी आता नव्या वस्त्या शोधते आहे. अनुभवातून शहाणी होऊन तिने घरोघर पाहणी बंद केली असून, आजारांच्या याद्या लोकांना नुसत्या वाचायला देण्याची पद्धत सुरू केली आहे. एवढं वाचता वाचता ज्यांनी आपली साखर शेवटची कधी तपासली होती ते मनातल्या मनात आठवून पाहिलं, त्यांची गल्ली पात्र धरण्यात आली आहे. त्यांनी कोपऱ्यावरची एखादी जागा बघून ठेवावी.